चार शितं

शवपेटीवर झाकण बसायला अजून थोडा वेळ होता, आणि आमच्या घराला भांडायला तेवढा वेळ रग्गड होतो.

तोवर सगळं कसं सुरळीत चाललं होतं. भिक्षूंचं पठण झालं, उदबत्त्या झाल्या, आमच्या आकाशी शहरातले ओळखीपाळखीचे येऊन वाकून गेले. आता घरच्यांनी पेटीत फुलं ठेवायची, मामंजींच्या आवडीच्या चार वस्तू बरोबर द्यायच्या आणि झाकण लावायचं, एवढंच राहिलं होतं. मी त्यांची उन्हाळी टोपी ठेवली. दुकानातल्या आल्याच्या गोळ्यांची पुडी ठेवली. तेवढ्यात सासूबाई उठल्या, देव्हाऱ्याखालचं कपाट उघडलं आणि तो निळा आल्बम काढून आणला.

त्या आल्बमला हात लावायची मामंजींच्या हयातीत कुणाची टाप नव्हती. धूळसुद्धा ते स्वतः झटकत.

"हा यांच्याबरोबर जाईल," सासूबाई म्हणाल्या.

"आई!" आमचे हे, म्हणजे त्सुनेओ, दोन ढांगांत पेटीपाशी पोचले. "वेड लागलंय का तुला? अख्खा संग्रह आहे तो!"

"माहीत आहे. चाळीस वर्षं माझ्या घरात सवत होऊन बसला होता."

"एक एक कार्ड बघायला तोक्योहून माणसं येतात. लढाईनंतरची मेन्को, तीही न आपटलेली, अशी आता उरलीयत कुठे?"

"उरली नाहीत तर बरंच आहे."

आता तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्याच्या कार्डांवरून प्रेतासमोर कसलं भांडण. पण ही मेन्को म्हणजे आपटायचीच कार्डं. बेसबॉलवाल्यांची चित्रं छापलेले जाड पुठ्ठे. एकानं जमिनीवर ठेवायचं, दुसऱ्यानं आपलं त्याच्या शेजारी असं दणकून आपटायचं की वाऱ्यानं ते उलटं झालं पाहिजे. उलटलं की तुमचं. त्या काळच्या पोरांनी आपटून आपटून सगळ्यांचा भुगा केला, म्हणून तर जी वाचली त्यांना एवढी किंमत. मामंजींचं गोळ्या-खेळण्यांचं दुकान, त्यामुळे जुन्या घाऊकवाल्यांच्या पोटमाळ्यांवर ते महिनोन् महिने हुंगत फिरायचे. त्सुनेओ त्यांच्या मागोमाग. बापलेकांचं एरवी एका वाक्याच्या पुढे बोलणं जायचं नाही, पण कार्ड सापडलं की दोघं पहाटेपर्यंत बोलत बसायचे.

पेटीशी उभा असलेला अंत्यविधीवाला माणूस खाकरला. फार सभ्य होता बिचारा.

"माफ करा हं. पण एवढं जाड पुस्तक भट्टीत नीट जळत नाही. त्याची राख अस्थींवर बसते. दुपारी आपण अस्थी वेचाल तेव्हा त्या पांढऱ्या दिसायला हव्यात ना. सुटी कार्डं असली तर हरकत नाही."

"मग सुटी करा," सासूबाई म्हणाल्या.

त्सुनेओनं आल्बमवर पंजा ठेवला. सासूबाईंनी सोडला नाही. माय-लेक, दोघं काळ्या कपड्यांत, मधे निळा आल्बम आणि खाली मामंजींचं शांत तोंड. शेजारच्या बायका दाराशी माना खाली घालून उभ्या होत्या, पण कान कुठे होते ते मला दिसत होतं.

"दादा, हात काढ," माझी नणंद चिगुसा म्हणाली. "आई म्हणतेय ना."

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाहीच कळत. मला कुणी कधी दाखवलं तर कळणार! माझ्या लग्नाच्या बैठकीला बाबा उशिरा आले. का? तर कुठल्या तरी पोटमाळ्यावर कार्डांचं खोकं निघालं होतं. जाऊ दे सगळं त्यांच्याबरोबर. सुटू सगळे."

माझी नणंद आणि सासू एका बाजूला, हा योग मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघत होते. एरवी त्या दोघींचं मुळ्याच्या जाडीवरूनही जमत नाही.

शेवटी मीच तोंड घातलं. ती माझी सवयच आहे. "आई, म्होरक्या द्या की त्यांना. तो देव्हाऱ्यातच आहे. ते त्यानंच खेळले ना? तोच त्यांचा."

म्होरक्या म्हणजे मामंजींचं लहानपणीचं आपटायचं कार्ड. प्रत्येक पोराचं एक असायचं, खास मारायला ठेवलेलं, मेण चोळून जड केलेलं. मामंजींच्या म्होरक्यावर एक सुमो पैलवान होता. त्याचं तोंड आता पार झिजलेलं, कडा काळ्या मेणानं माखलेल्या. आल्बममध्ये ठेवायच्या लायकीचं ते कधीच नव्हतं. पण रोज सकाळी मामंजी देव्हाऱ्यात उदबत्ती लावायचे तेव्हा ते तिथे त्यांच्या आईच्या फोटोला टेकून उभं असायचं.

दोन्हीकडचे पंजे सैल झाले. त्सुनेओनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला बुडताना काढलं. सासूबाईंनाही बहुतेक सुटका हवी होती. त्यांनी आल्बम खाली ठेवला आणि म्होरक्या उचलला. आमच्याकडे शेवटची वस्तू हातोहात फिरते. प्रत्येकानं क्षणभर धरायची, मनात दोन शब्द बोलायचे आणि पुढच्याला द्यायची. सासूबाईंनी कपाळाला लावून त्सुनेओला दिला. त्सुनेओनं मला, मी चिगुसाला. तिथे संपायचं होतं.

चिगुसा वळली, सरळ पाहुण्यांच्या रांगेत गेली आणि सगळ्यात शेवटी, दाराशी बसलेल्या माणसासमोर गुडघे टेकले.

"इवाओकाका, तुम्ही पण धरा. तुमचे सख्खे भाऊ होते."

सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली.

*

हे इवाओकाका म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ. पण आडनाव होरिकावा, आणि जागा पाहुण्यांत. त्यामागची गोष्ट या घरात सून होऊन येणारीला पहिल्याच वर्षी ऐकवली जाते. मला सासूबाईंनी ऐकवली ती लोणच्याच्या पिंपावर दगड ठेवताना.

लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मामंजींचे वडील लढाईतून परतलेच नव्हते. आईच्या पदरात दोन पोरं: तोकुजी, म्हणजे आमचे मामंजी, अकराचा, इवाओ सहाचा. शोदोशिमा बेटावरच्या एका नातेवाइकांचा सोया सॉसचा कारखाना होता आणि मूल नव्हतं. दोघांतला एक आम्हाला द्या, असा त्यांचा निरोप आला होता. आईचा जीव धजत नव्हता. कोणता द्यायचा?

त्याच दिवसांत तोकुजीला मेन्कोच्या पुडीत कामोशिदाचं कार्ड निघालं. कामोशिदा नावाचा डावखुरा पिचर एक हंगाम खेळला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याची कार्डं छापखान्यानं मोजकीच छापली होती. तोकुजीनं ते कधी डावावर लावलं नाही. आपल्या कार्डांच्या डब्याच्या तळाशी जपून ठेवलं. मग एके दिवशी बागेत बंदरावरच्या पोरांशी मोठा सामना झाला. तोकुजी सगळं जिंकून घरी आला, ऐटीत डबा उघडला, आणि कामोशिदा गायब. डब्याची जागा ठाऊक दोघांनाच. तोकुजीनं इवाओला बडव बडव बडवला. पोरगं एकच म्हणत राहिलं, "मी नाही घेतलं."

आईनं मोठ्याचं खरं मानलं. आणि मग तिला निवड करणं सोपं गेलं. चोरटा आहे तो जाऊ दे.

एवढीच गोष्ट. इवाओ बेटावर गेले, होरिकावा झाले, आज स्वतः कारखाना चालवतात. दर मार्चमध्ये, आमच्याकडे बारक्या मासळीच्या शिजवणीचे दिवस आले की, ते सोयाच्या बाटल्यांचं खोकं पाठवायचे. दर मार्चमध्ये सासूबाई ते न उघडता परत पाठवायच्या. चोराचं मीठ नको, म्हणायच्या. खरं सांगते, गेली काही वर्षं मी त्यातली एक बाटली मधल्या मधे लांबवत होते. त्या घरात चोर असेलच तर ती मी. आणि त्या सोयात शिजवलेल्या मासळीची दोन घास जास्त मागून स्तुती कोण करायचं? सासूबाईच.

आणि या दोघा भावांची आई वारली तेव्हा? तेव्हा इवाओकाकांना तार गेली ती दहन उरकल्यावर. ती तार मामंजींनी उशिरा केली की सासूबाईंनी, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

*

इवाओकाकांनी पुढचं मला नंतर सांगितलं, म्हणून त्यांच्या बाजूनं सांगू शकते.

ते पहाटेच्या बोटीनं आले होते ते एवढ्याचसाठी, की तोंड दाखवायचं, वाकायचं आणि परत जायचं. आपल्याला कुठे बसवतात ते बघून त्यांना काही वाटलं नव्हतं. रागाचीही माणसाला सवय होते. भावानं माझ्यावर खोटा आळ घेतला, मी निर्दोष होतो, या एका गोष्टीच्या आधारावर त्यांनी पन्नास वर्षं काढली होती. त्यावर ते पाय रोवून उभे होते.

मग चिगुसानं त्यांच्या ओंजळीत म्होरक्या ठेवला.

सहाव्या वर्षानंतर त्यांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांना वाटलं होतं, फाटून तुटून कधीच संपला असेल. त्यांनी अंगठ्यानं कडा दाबली. मग दुसरी दाबली. मेणाखाली दोन पुठ्ठ्यांमधली फट बोटाला लागली.

"काका?" चिगुसा म्हणाली. "द्या आता. झाकण लावायचंय."

त्यांनी दिला नाही.

"हे जोड आहे," ते म्हणाले.

"हो काका," त्सुनेओ पेटीपाशी उभ्या उभ्या म्हणाला, थोडा वैतागूनच. "सगळीच पोरं दोन कार्डं चिकटवायची, वजनासाठी. मागे एखादं फाटकं लावायचं. असली जोड कार्डं मी खोक्यानं पाहिलीत. आत नेहमी रद्दी असते."

"चिकटवायचं कोण?"

"म्हणजे?"

"मोठी पोरं खेळायची. चिकटवायचं काम धाकट्यांचं. भाताची खळ करायची, लावायचं, आणि रात्रभर लोणच्याच्या दगडाखाली ठेवायचं." इवाओकाकांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "हे मी चिकटवलंय. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. दादा म्हणाला, डब्यातलं एक फाटकं घे आणि याच्या पाठीला लाव. तेव्हा रोज दिवे जायचे. अंधार होता. मी डब्यात हात घालून चाचपलं. फाटकी सगळी मऊ पडलेली, लिबलिबीत. एकच तेवढं कडक होतं. मला वाटलं, दादाला जिंकायचंय. कडकच लावावं."



"कुठे होतं ते?" त्सुनेओनं विचारलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"तळाशी."

"पण मग मामंजींना दिसलं नसतं का?" मी म्हणाले.

"चित्र आत जातं ना. बाहेर राहते ती पाठ. पाठी सगळ्यांच्या सारख्याच, राखाडी." हे त्सुनेओ बोलत होता, पण माझ्याशी नाही. "आणि चांगलं कार्ड कुणी आत लावत नाही. कुणीच नाही. म्हणून कुणी उघडून बघत नाही."

तो चालत इवाओकाकांपाशी आला. आल्बममध्ये एक पान होतं, त्यात एक खिसा रिकामा होता. लग्नानंतर मला पहिल्यांदा आल्बम दाखवला तेव्हा मामंजींनी सगळ्यात जास्त वेळ मला तो रिकामा खिसाच दाखवला होता.

"काका, ते माझ्याकडे द्या. हळू. क्योतोला जुने कागद सोडवणारा एक माणूस आहे. मी स्वतः घेऊन जातो. महिना लागेल, पण—"

"कुठेही जाणार नाही ते," सासूबाई म्हणाल्या. "ठरलंय ना? पेटीत ठेवा."

"आई, कळतंय का तुला आत काय असू शकतं?"

"काहीही असू दे. ज्याचं आहे त्याच्याबरोबर जाऊ दे. गाडी दारात उभी आहे."

"आणि मी म्हणते, आत्ताच्या आत्ता उघडा," चिगुसा म्हणाली. "इथे. सगळ्यांसमोर."

बघा, घटकाभरापूर्वी हीच आईच्या पदराआड उभी होती.

"चिगुसा, तुझ्या बापाच्या प्रेतासमोर आवाज चढवू नकोस."

"मग कुठे चढवू? लहानपणी शाळेत माझी पेन्सिल हरवली तरी तू म्हणायचीस, इवाओच्या वळणावर जाऊ नकोस. मी या माणसाला तोवर पाहिलंही नव्हतं!"

पाहुण्यांत चुळबूळ झाली. अंत्यविधीवाला माणूस फुलांकडे बघत राहिला.

सासूबाईंच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं, ते त्यांनी बऱ्याच महिन्यांनी सांगितलं, तेही पाठमोरं, भांडी पुसताना. "मला भीती वाटली गं," त्या म्हणाल्या. "तो चोर नसेल तर मग मी कोण?"

इवाओकाकांनी मान वर केली. "वहिनी," ते म्हणाले, "मी या घरात आजवर काही मागितलं नाही. मला एकदा बघायचंय."

सासूबाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आणि या घरात बाईमाणूस गप्प बसलं की त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते मला एव्हाना पाठ होतं.

"चला काका," मी म्हणाले. "किटली गरमच आहे."

*

त्सुनेओ माझ्या मागून स्वयंपाकघरात आला तो "अगं हळू, अगं हळू" करतच.

"तुम्हाला येतं का?" मी विचारलं.

"मला... नाही. मी कधी भिजवलं नाही. कार्डाला ओल लागू द्यायची नसते."

"मग बाजूला व्हा. मला पाकिटावरची तिकिटं सोडवता येतात."

वाफेवर धरल्याबरोबर काळं मेण ओघळून माझ्या बोटांवर आलं. चटका बसला. मी सोडलं नाही. शेजारच्या घरातून मासळी शिजल्याचा गोडसर वास येत होता, कुणीतरी बाहेर नवा पूल पुढच्या महिन्यात उघडणार म्हणून बोलत होतं, आणि चिगुसासकट आम्ही चौघं त्या पुठ्ठ्याकडे टक लावून उभे होतो. एक कोपरा सुटला. मी बांबूची काडी आत सारली आणि थोडी थोडी पुढे नेली. भाताची खळ ती. पाणी मिळालं की पुन्हा भातासारखी मऊ होते.

पैलवान वेगळा झाला. मागचं कार्ड मी ओट्यावर उताणं ठेवलं.

निळं आकाश. त्यावर डावा हात उगारलेला एक तरुण. गालाचा थोडा रंग पैलवानाच्या पाठीला चिकटून राहिला होता, टोपीवर शिताचा डाग होता. पण खालचं नाव स्वच्छ होतं.

"कामोशिदा," त्सुनेओ म्हणाला आणि ओट्याला धरून उभा राहिला. "बाबा कुठे कुठे फिरले याच्यासाठी! आणि रोज सकाळी याच्यासमोरच उदबत्ती लावत होते."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," चिगुसा म्हणाली. तिला हसायचं होतं बहुतेक, पण ते रडणंच निघालं.

इवाओकाका कार्डाकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस मोकळा होईल, ओरडेल, आम्हाला सगळ्यांना शिव्या देईल. आमची तयारी होती. पण त्यांच्या तोंडावर सुटल्याची खूणही नव्हती.

"म्हणजे घेतलं मीच," ते म्हणाले.

"काका, काहीतरीच काय!" मी म्हणाले. "तुम्ही ते त्यांच्याच हातात दिलं होतं. ते जिंकले याच्यामुळे."

"मार खाताना मी ओरडून सांगत होतो, मी हात लावला नाही. पन्नास वर्षं मनात तेच म्हणत आलो. आणि हात लावला होता."

"सहा वर्षांचे होतात तुम्ही."

"होतो. नुसतं म्हटलं असतं, की काल अंधारात एक कडक कार्ड लावलं, तर? कुणी विचारलं नाही. आणि मला सुचलं नाही. माझ्या मते ते दादाचं दादाकडेच होतं."

दारात सासूबाई उभ्या होत्या. केव्हा आल्या कुणास ठाऊक. त्या ओट्यापाशी आल्या, चष्मा वर करून ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं. आणि मग त्या स्वयंपाकघराच्या थंड फरशीवर खाली बसल्या, दोन्ही हात पुढे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. मी या बाईला कुणापुढे एवढं वाकलेलं पाहिलं नव्हतं. मामंजींपुढेही नाही.

"भावजी," त्या म्हणाल्या. त्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. "मी तुमच्या बाटल्या परत पाठवत होते."

"उठा वहिनी. बाटल्यांचं काय एवढं. एक बाटली तर दरवर्षी कमीच परत यायची."

माझे कान लाल झाले. सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ओळखलं. पण ती वेळ त्याची नव्हती.

"बाटल्यांचं काही नाही," इवाओकाका म्हणाले, आणि आता कुठे त्यांचा आवाज फुटला. "पण आईला कोण सांगणार? ती गेली तेव्हा मला चोर समजतच गेली. मला बेटावर सोडून बोटीत चढली तेव्हा तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी धक्क्यावर उभा राहून हात हलवत होतो. वहिनी, तिला कोण सांगणार?"

सासूबाई तशाच बसून राहिल्या. बाहेरून अंत्यविधीवाल्याचा आवाज आला. फार माफी मागतो, पण दहनगृहातली वेळ ठरलेली आहे.

त्सुनेओनं आल्बम आणला. ते पान उघडलं. "काका," तो म्हणाला, "म्होरक्या बाबांबरोबर जाऊ दे. हे मी इथे ठेवतो. त्यांचा संच आज पुरा झाला, असं म्हणू. चालेल ना?"

आणि त्यानं हात पुढे केला.

इवाओकाकांनी ओट्यावरची दोन्ही कार्डं उचलली. "मिसाओ," ते मला म्हणाले, "दादाच्या उशाशी भाताची वाटी आहे ना? ती आण."

मला काही कळलं नाही. मी आणली. मृताच्या उशाशी ठेवतात ती, मधोमध जेवायच्या काड्या रोवलेली. भात दोन दिवसांचा, वरून कडक झालेला. त्यांनी किटलीतलं थोडं पाणी बोटांवर घेतलं, चार शितं खुडली आणि डाव्या तळव्यावर अंगठ्यानं चोळू लागले. तेव्हा त्सुनेओला समजलं.

"नाही. काका, नाही! ऐका माझं. अख्ख्या जपानात दुसरं कुणाकडे नाही ते. एकच आहे!"

"आई पण एकच होती," इवाओकाका म्हणाले.

त्सुनेओचा हात तसाच पुढे राहिला. मी माझ्या नवऱ्याला ओळखते. एखाद्या कार्डाचा कोपरा दुमडला तर दोन दिवस जेवत नाही तो. मला वाटलं, हिसकावून घेतो की काय. त्यानं त्या निळ्या आकाशाकडे डोळे भरून पाहिलं, मग हात मागे घेतला आणि आल्बम मिटला. माझ्याकडून भाताची वाटी घेतली आणि काकांना बरं पडावं म्हणून तीच दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

सासूबाई उठल्या. खिडकीचा पडदा ओढून बाजूला केला. मार्चचं ऊन ओट्यावर आलं.

"उजेडात लावा भावजी," त्या म्हणाल्या.

काकांनी पैलवानाच्या पाठीला खळ लावली, कामोशिदाचं तोंड त्यावर टेकवलं आणि दोन्ही तळव्यांत धरून दाबलं. मग आम्ही सगळे बाहेर आलो. सासूबाई पुढे, आणि त्यांच्या बरोबरीनं इवाओकाका. पाहुण्यांच्या रांगेपाशी ते सवयीनं थांबले. सासूबाईंनी त्यांच्या बाहीला धरलं आणि पेटीपर्यंत नेलं.

काकांनी मामंजींच्या गार बोटांत म्होरक्या सरकवला.

"दादा, घे. आईला दाखव. म्हणावं, इवाओनं लावलं होतं, तू जिंकावंस म्हणून."

चिगुसानं वरून पांढरी शेवंती ठेवली. अंत्यविधीवाला झाकण घेऊन पुढे झाला. त्सुनेओ वाकून पेटीत बघत होता. त्यानं हळूच विचारलं, "काका, एका कोपऱ्याला खळ नीट लागलेली नाही. सुटेल ते. आणखी चार शितं आणू?"

"नको," इवाओकाका म्हणाले. "फार घट्ट नको. आईला उघडता आलं पाहिजे."